राहिलेली तोंडी

आमचे इंग्रजीचे सर हजेरी घ्यायचे ती आमच्या नावांनी नाही. ते वर्गात येत, खुर्चीवर आपलं घोंगडं घडी करून टाकत, त्यावर बसत आणि पुकारत, "चंद्री?" की मी उठून म्हणायची, "हजर, सर." चंद्री म्हणजे आमची म्हैस. माझ्यामागून "लिंबाखालची शेळी?" मग "बांधाकडंचा वेल?" मग "ट्रॅक्टर?" दाराबाहेर उभं राहून एखाद्या परक्या माणसाने हे ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथे जनावरांचा बाजार भरलाय आणि कोणीतरी त्यात ट्रॅक्टरही विकायला आणलाय.

गाव आमचं तासगावजवळचं. शाळेच्या एका अंगाला द्राक्षबागा, दुसऱ्या अंगाला ऊस. सर मात्र म्हसवडचे. माणदेशातला माणूस आमच्या पाण्याच्या मुलखात नोकरीला आलेला, त्यामुळे कोणी नळ उघडा टाकला की ते तास सोडून तो बंद करायला धावायचे. घोंगडं त्यांच्या घरचं होतं. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती आणि त्याच मेंढरांच्या लोकरीचं ते विणून घेतलेलं. मार्चमध्ये वर्गाचे पत्रे तापून आमचा जीव कासावीस व्हायचा, तरी सर घोंगड्यावरच. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "घोंगडं हाय म्हनून मी सर हाय. नुसत्या खुर्चीवर काय, कुनी बी बसंल."

आठवीत ते आम्हाला पहिल्यांदा आले तो तास मला लख्ख आठवतो. आले, बसले, आणि विचारलं, "इंग्रजी कुनाला येतं?" एकही हात वर नाही. "बरं. इंग्रजी बोलावं असं कुनाकुनाला वाटतं?" इकडे तिकडे बघत बरेच हात वर गेले. "मग बोलत का न्हाई?" शेवटी मागच्या बाकावरून एकजण पुटपुटला, "समदी हसत्यात, सर."

सर एकदम खूश झाले. एवढे खूश झालेले सर मी नंतर क्वचितच पाहिले. "हां! आता कसं खरं बोलला. इंग्रजी अवघड न्हाई रं गड्या. अवघड हाय ते हसनं. तवा आजपासनं जो हसत न्हाई त्याच्यासंग बोलायचं. ज्यानं त्यानं आपापला ऐकनारा शोधून आना."

ऐकणाऱ्याच्या अटी सरांनी तिथेच सांगितल्या. त्याने हसायचं नाही, चूक काढायची नाही आणि मधे तोंड घालायचं नाही. आम्ही दोन दिवस गावभर शोधलं. माणसांत तसा कोणी सापडेना, म्हणून आम्ही जनावरांकडे वळलो. एकाने शेळी घेतली, एकीने खुराड्यातली कोंबडी. द्राक्षवाल्याच्या पोराने बांधाकडेचा एक वेल निवडला. ट्रॅक्टरवाल्याला सरांनी परवानगी दिली, पण "इंजान बंद आसंल तवाच" अशा बोलीवर. एकाने आपला तान्हा भाऊ सांगितला. सर म्हणाले, "नको. हे वरसभरात बोलाया लागंल आन् पयलं तुलाच हसंल." दुसऱ्याने शेतातला म्हसोबा सांगितला. त्यावर सरांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "देव बी नको. देवाम्होरं गेलं की मानूस मागत सुटतंय. बोलायचं ऱ्हाऊन जातंय."

मी तशी तोंडाची फटकळ. आई म्हणायची, हिला सासूच्या घरी नाही, कोर्टात द्यायला हवी. पण हे सगळं मराठीत. इंग्रजीचं पुस्तक उघडलं की माझी जीभ टाळूला चिकटायची आणि नजर खाली जायची ती थेट पायाच्या अंगठ्यावर. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा माझा जितका अभ्यास झालाय तितका दुसऱ्या कुठल्या विषयाचा झालेला नाही. सर म्हणायचे, "पोरी, खाली काय बघतीस? बोलायचं हाय का पेरायचं हाय?"

मी चंद्री सांगितली. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चंद्री. सरांनी विचारलं, "सवभाव कसा हाय?" मी म्हणाले, "कुनाच्यात नसती, सर. खाती आन् बघती." सर म्हणाले, "पास."

या प्रकरणाचा गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. द्राक्षवाल्याचे वडील शाळेत आले ते टोपी हातात घेऊनच. "सर, पोरगं बागंत एकलंच बडबडतंया. देवरुषी बघायचा का डॉक्टर?" सरांनी त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला आणि घोंगड्याची कड सारखी करत सांगितलं, "बडबडू द्या. थांबलं तर माझ्याकडं या." पुढल्या हंगामात तेच गृहस्थ पुन्हा आले. या वेळी त्यांच्या हातात घडांनी भरलेली पाटी होती. ज्या वेलाशी पोरगं बोलायचं त्याला इतर वेलांपेक्षा जास्त माल लागला होता म्हणे, आणि आता पोराने सगळ्या ओळीशीच इंग्रजी बोलावं अशी त्यांची इच्छा होती. सर भडकले. "इंग्रजी म्हंजी काय खत हाय व्हय?" पण द्राक्षं ठेवून घेतली आणि वर्गात वाटली.

वर्गातलं त्यांचं शिकवणंही असंच तिरपागडं. धडा ते आमच्याकडे तोंड करून कधीच वाचत नसत. खिडकीशी उभे राहत आणि बाहेरच्या कडुलिंबाला वाचून दाखवत. आम्ही मागून ऐकायचो. त्यांचं मराठी अस्सल माणदेशी, पण इंग्रजी वाचायला लागले की आवाज एकदम वेगळा, स्वच्छ आणि जरासा दबका व्हायचा. नंतर आमची पाळी. एकाने पाठ फिरवून बसायचं आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीला धडा वाचून दाखवायचा. सगळा वर्ग कोणाच्या ना कोणाच्या पाठीशी बोलतोय. एकदा तपासणीला साहेब आले, त्यांना वाटलं, सरांनी अख्ख्या वर्गाला शिक्षा केलीय. सर त्यांना म्हणाले, "साहेब, तुमी बी पाठ करा. मग बघा कशी बोलत्यात." साहेबांनी खरंच पाठ केली. आणि आम्ही असे काही बोललो की साहेब वळायचंच विसरले.

एक धडा आम्हाला होता दीपगृहाच्या रखवालदाराचा. समुद्रातल्या खडकावर एकटा राहणारा माणूस, रोज संध्याकाळी दिवा लावतो, आणि ज्यांच्यासाठी लावतो ती जहाजं लांबून निघून जातात. आमच्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. सरांनी तरी कुठे पाहिला होता! पण त्या माणसाबद्दल ते असे बोलायचे की तो त्यांचा म्हसवडचा शेजारी असावा. "ह्येला भाकरी कोन पोचवत आसंल? मीठ संपलं तर काय करत आसंल?" असे प्रश्न. त्यांची उत्तरं पुस्तकात नव्हती, म्हणून आम्ही ती तयार केली. कोणी सांगितलं, दर बाजाराच्या दिवशी होडी येते. कोणी म्हणालं, तो मासे खारवतो. परीक्षेत यातलं काहीच आलं नाही. पण तो माणूस मला आजही माझ्या काही नातेवाइकांपेक्षा जास्त ओळखीचा वाटतो.

हाच धडा मी चंद्रीला सांगायची. धार काढायचं काम माझ्याकडे होतं. वडील फौजेत, आजोबा वैरण बघायचे, आई रानात. सुरुवातीला आई दारातून ओरडायची, "म्हशीला कसलं इंग्रजी शिकवतीस? तिला काय लंडनला धाडायची हाय?" पण महिना झाला असेल-नसेल, तिच्याच लक्षात आलं की मी बोलायला लागले की चंद्री कान पाडते, डोळे अर्धे मिटते आणि झरझर पान्हा सोडते. भांडं आधीपेक्षा भरून यायला लागलं. मग आईचा सूर पालटला. मी मैत्रिणींत रेंगाळले की हाक यायची, "आगं, ती वाट बघतीया. आज इंग्रजी न्हाई का?" एकदा मी तापाने फणफणले होते, तर आई स्वतः बसली. तिला येत होतं तेवढं सगळं इंग्रजी, म्हणजे वन टू थ्री फोर, तिने दहा-पंधरा वेळा म्हणून दाखवलं. चंद्रीने अर्धं भांडं दिलं आणि बाकीचं राखून ठेवलं.

मी चंद्रीशी नुसता धडा बोलत नव्हते हे मात्र आईला माहीत नव्हतं. धडा संपला की मी माझं बोलायची. वडील सुट्टीवर येऊन परत गेले की घर कसं होतं, वर्गातली कोण माझ्याशी बोलत नाही, मला कुठे कुठे जायचंय. मोडकंतोडकं का असेना, पण इंग्रजीत. मराठीत सांगायला मला लाज वाटली असती. इंग्रजी फक्त तिला आणि मला येत होतं, त्यामुळे ती आमची दोघींची भाषा झाली. चंद्रीच्या डोळ्यांकडे बघून मी बोलायची. अंगठा तेव्हा मला आठवायचासुद्धा नाही.

सर कधीकधी घोंगडं खांद्यावर टाकून सायकलवरून यायचे. गोठ्याबाहेर पाठ करून उभे राहायचे, थोडं ऐकायचे आणि न बोलता निघून जायचे. एकदा मी विचारलं, "सर, तुमचा ऐकनारा कोन हुता?" ते बांधावर टेकले. म्हणाले, "मेंढरं." साताऱ्याला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी त्यांना उभं करून काहीतरी विचारलं. यांनी इंग्रजीत उत्तर दिलं. वर्ग हसला, आणि मग प्राध्यापकही हसले. "पोरांचं काय न्हाई गं. पन ते बी हसलं," सर म्हणाले. त्यानंतर ते वर्गात उभे राहिले नाहीत. सुट्टीत म्हसवडला जायचे, वडिलांबरोबर मेंढरं घेऊन माळावर फिरायचे आणि सगळी पुस्तकं मेंढरांना सांगायचे. हे सांगताना ते हसत होते, पण त्यांचा हात घोंगड्याच्या दशा सारख्या पिळत होता. घोंगडं त्यांच्या खांद्यावर का असतं ते मला त्या दिवशी कळलं.

दहावीच्या दिवाळीत आजोबा पडले. मांडीचं हाड मोडलं. वैरण कोण आणणार, शेण कोण काढणार? वडिलांनी फोनवर सांगितलं, म्हैस काढा. मलकापूरचा एक दूधवाला येऊन चंद्रीला रेडकासकट घेऊन गेला. मलकापूर म्हणजे कराडला लागूनच. टेम्पोत चढताना तिने एकदाच मान वळवली. मी तिला काही बोलले नाही, कारण भोवती माणसं होती.

आठवडा झाला नसेल, तोच दूधवाला मोटरसायकलवरून हजर. भरघोस मिशांचा, दणकट माणूस, पण चेहरा पार उतरलेला. "आवं वैनी," तो आईला म्हणाला, "म्हस इकताना सांगितलं न्हाई तुमी. पान्हाच सोडंना. रेडकू लावलं, पेंड घातली, अंगारा लावला. नुसती बघत ऱ्हाती. काय करनी-बिरनी हाय का काय?"

आई म्हणाली, "करनी न्हाई. तिला इंग्रजी लागतं."

दूधवाल्याने कान पुढे केला. "काय लागतं?"

"इंग्रजी. धडा हाय एक. पोरगी सांगती तिला."

मला वाटलं, आता हा म्हणणार, अशी म्हैस मला नको. चंद्री परत येणार! मी मनातल्या मनात तिची दावण झाडूनही घेतली. दूधवाला मला म्हणाला, "मग शिकीव की गं मला." मी सरळ सांगितलं, "मला न्हाई शिकीवता येत." त्याने डोकं खाजवलं. "तुला कुनी शिकीवलं?" आणि तो शाळेकडे गेला.

शाळेच्या लिंबाखाली सरांनी त्याला घोंगड्यावर बसवलं आणि स्वतः खाली मातीत बसले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो मिशाळ माणूस दीपगृहाच्या रखवालदाराची पहिली ओळ घोकत होता, घामाघूम होत होता, आणि सर लिंबाच्या खोडाकडे तोंड करून बसले होते, म्हणजे त्याला लाजायला नको. दोन-तीन संध्याकाळी तो आला. मग यायचा थांबला. निरोप आला, म्हैस दूध द्यायला लागली.

मी सरांना गाठलं. आयुष्यात त्यांच्यावर मी एकदाच ओरडले ते तेव्हा. "तुमी शिकीवलं नसतं तर त्यानं तिला परत आनली असती!"

सर रागावले नाहीत. "आनली असती, व्हय," ते म्हणाले. "पन तवर तिची कास तटतटून ठनकली असती. ती ठनका काढनार आन् तू वाट बघनार, व्हय गं? ऐकनाऱ्याला आसं वागवत्यात?"

मी अंगठ्याने माती उकरायला लागले. सर म्हणाले, "दुसरा ऐकनारा बघ. शेजाऱ्याची गाय बघ, न्हाईतर त्यो लिंब हाय." मी नाही बघितला. लिंबाच्या झाडाला डोळे असतात का? मी कोणाशीच बोलले नाही, आणि माझं इंग्रजी पुन्हा अंगठ्याकडे निघालं.

मग आली तोंडी परीक्षा. सरांची तोंडी साऱ्या तालुक्यात प्रसिद्ध होती, कारण ती घेताना ते दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून बसत. आम्हाला वाटायचं, आमचं इंग्रजी ऐकवत नसावं. माझी पाळी आली. सर घोंगड्यावर, कानात कापूस, नजर माझ्यावर. मला धडा पाठ होता. पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं, आणि नजर गेली खाली. मग शब्दही गेले. सरांनी कानातले बोळे काढले.

"कापूस का घालतो ठावं हाय?" ते हळू आवाजात म्हणाले. "मानसाचं त्वांड मागनं हसतं, पयलं कान हसत्यात. माझं बी हसत्याल. कुनी सांगावं? म्हनून कान बंद करून मी नुसतं डोळं बघतो. डोळं खाली गेलं न्हाईत की मानूस पास." मग बोळे खिशात टाकत ते म्हणाले, "बोर्डाचं गुन तुला बोर्डाच्या हिशेबानं देतो. पन माझ्याकडं तुझी तोंडी ऱ्हायली बग. जमंल तवा ये आन् दे."

पुढे मी सांगलीला शिकले, मग पुण्यात नोकरी. आता दिवसभर कानाला यंत्र लावून परदेशातल्या माणसांशी बोलणं हेच माझं काम. त्यांचे चेहरे दिसतात ते पडद्यावर, आणि पडद्याकडे बघत बोलायला अंगठ्याची आडकाठी नसते. कामात माझं नाव आहे. पण फोन बंद केला की कधीकधी मनात येतं, इतकं इंग्रजी बोलते, आणि त्यातलं एक वाक्यसुद्धा ज्याला सांगायचं त्याला सांगितलेलं नाही. चंद्रीच्या गोठ्यात संध्याकाळी जी भाषा माझ्या तोंडात होती ती मला पुन्हा कुठे भेटली नाही. तिची मला फार आठवण येते. भाषेचीही आणि म्हशीचीही.

मधे एकदा कराडच्या एसटी स्टँडवर दूधवाला भेटला होता. मिशा पांढऱ्या झालेल्या. मला बघताच त्याने भर स्टँडवर धड्याची पहिली ओळ खणखणीत म्हणून दाखवली. मग म्हणाला, "गेली बग चंद्री. पन शेवटपातूर इंग्रजी ऐकूनच गेली. म्या एक दीस बी खाडा केला न्हाई." हे सरांना सांगायचं असं मी ठरवलं होतं. सर निवृत्त होऊन म्हसवडला गेले होते. जाऊ, जाऊ म्हणता राहून जात होतं.

आणि मग आमच्या वर्गाच्या ग्रुपवर ट्रॅक्टरने, म्हणजे ट्रॅक्टरवाल्या मुलाने, टाकलं, "सरांना भेटून आलो. आता अजिबात ऐकायला येत नाही. मशीनचाही उपयोग नाही म्हणतात."

मी ते वाचलं. माझी तोंडी राहिली ती राहिलीच, असं वाटलं. सरांना सांगायचं म्हणून मी जे सगळं जपून ठेवलं होतं ते आता कोणाला सांगायचं?

त्या शनिवारी गावी आले आणि रविवारी सकाळची एसटी धरली. विटा, आटपाडी करत म्हसवड. खिडकीतून ऊस सरला, बागा सरल्या, आणि सुरू झाला तो सरांचा माळ. सिद्धनाथाच्या देवळामागच्या गल्लीत घर सापडलं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. काकूंना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांनी विचारलं ते असं, "शाळंतली न्हवं? कुनाची? शेळीची का वेलाची?"

"म्हशीची," मी म्हणाले.

सर सोप्यात बसले होते. खाली तेच घोंगडं, विरून जाळी झालेलं. माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि एकदम म्हणाले, "चंद्री!" आवाज जरा मोठा, न ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा. मी काहीतरी बोलले. त्यांनी कानाकडे बोट करून हात हलवला आणि हसले. काकू म्हणाल्या, "कायबी कळत न्हाई त्यास्नी. खुनंनं चालतंय आमचं. लगीन झाल्यापास्नं रोज सांजच्याला मला इंग्रजी वाचून दावायचं. मला अक्षर कळलं न्हाई, पन मी कवा हसले न्हाई. आता बी वाचत्यात. त्यांचं त्यास्नी ऐकू येत न्हाई, मी ऐकती."

मी मोबाइल काढला, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "सर, माझी तोंडी राहिलीय," आणि त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. परत वाचलं. मग भिंतीला धरून उठले, देव्हाऱ्याशी गेले, वातींसाठी ठेवलेल्या कापसातला थोडा तोडून घेतला आणि त्याचे दोन बोळे वळले. काकू म्हणाल्या, "आता गं बया, हे कशाला?" सरांनी ते दोन्ही कानांत घातले, नीट दाबले, घोंगड्यावर येऊन ताठ बसले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. कर सुरू.

मी बोलायला लागले, इंग्रजीत. आधी धडा. दिवा लावणारा माणूस, खडक, लांबून जाणारी जहाजं. मग धडा संपला आणि मी माझं बोलायला लागले. दूधवाला कसा भेटला, त्याने काय सांगितलं. चंद्री गेली. आजोबा गेले. दावण अजून तशीच आहे. मी दिवसभर कोणाशी बोलते आणि संध्याकाळी कोणाशी बोलत नाही. तुमच्यावर ओरडले होते, पण तुमचंच बरोबर होतं. हे सगळं मी ज्या आवाजात गोठ्यात बोलायची त्याच आवाजात बोलत होते. मधेच डोळे भरून आले आणि सर धूसर झाले, तरी नजर मी हलवली नाही. ते पापणीही न लववता बघत होते. काकू दाराशी बसून ऐकत होत्या आणि हसत नव्हत्या.

मी थांबले. सरांनी एक बोळा काढला, दुसरा काढला, दोन्ही तळहातावर ठेवले.

"आज पेरलं न्हाईस," ते मोठ्यांदा म्हणाले. "पास."

काकू चहा टाकायला उठल्या. मी सरांच्या पाया पडायला वाकले, आणि तेव्हा कुठे मी खाली पाहिलं.